एअरफायबरला स्वतःचा राउटर लावायचाय? आधी बघा, अडलंय कुठं

आजचा भाग पूर्णपणे तुमच्या व्हॉइस नोट्सवर आहे. ऐकायला वेळ नसेल तर हे लिखित रूप वाचा. बोलताना मी जे तीन-तीनदा म्हणतो, ते यातून काढून टाकलंय.

प्रश्न एकच, पण बऱ्याच जणांनी विचारलाय. घरी फायबर पोचलेलं नाही म्हणून टॉवरवरून येणारं इंटरनेट घेतलं. कंपनीनं दिलेल्या डब्याचं वायफाय धड चालत नाही. मग आपला स्वतःचा राउटर लावला तर चालतो का? आणि लावला तर स्पीड वाढतो का?

चालतो का, तर हो, अगदी बिनधास्त. स्पीड वाढतो का, याचं उत्तर मात्र घराघरावर आहे. दोन मेसेज सांगतो.

पहिला चिपळूणजवळच्या एका गावातून, एका ताईंचा. घरून काम करतात, कस्टमर सपोर्टचं. दिवसभर हेडफोन लावून कॉल घ्यायचे. कॉल मध्येच तुटतात, आणि तुटलेला प्रत्येक कॉल त्यांच्याच नावावर मोजला जातो. दोनदा वरून समज मिळालीये. तिसऱ्यांदा झालं तर घरून काम बंद, म्हणजे त्यांच्यासाठी नोकरीच बंद. दुकानदार म्हणाला, साडेसहा हजारांचा राउटर घ्या, सगळं सुरळीत होईल. ताईंनी विचारलंय, "दादा, घेऊ का?"

दुसरा पिंपरीतल्या एका मुलाचा. तिघं मित्र एका फ्लॅटमध्ये राहतात. रात्री नऊ वाजले की गेम अडकतो, व्हिडिओ गोल गोल फिरतो. त्यालाही कुणीतरी सांगितलंय की भारीतला गेमिंग राउटर घे.

सल्ला दोघांना एकच मिळालाय. पण दोघांची अडचण वेगवेगळ्या जागी आहे.

डब्यात नेमकं काय असतं

आधी हा प्रकार समजून घेऊ. जिओनं एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीला, आठ शहरांत सुरू केलं. त्यात आपली मुंबई आणि पुणे होतं. एअरटेलनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली आणि मुंबईपासून सुरुवात केली होती. नावात फायबर असलं तरी तुमच्या घरापर्यंत काचेची तार येत नाही. येतो तो टॉवरचा सिग्नल, म्हणजे तुमच्या फोनला मिळतो तसाच.

हा सिग्नल पकडायला बऱ्याच घरांत गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर एक पांढरा डबा बसवतात. त्याचं तोंड टॉवरकडे. तो झाला मोडेम. टॉवरशी बोलायचं काम त्याचं. तिथून एक केबल घरात येते. त्याच केबलमधून बाहेरच्या डब्याला वीजही जाते, त्यासाठी घरात प्लगला एक वेगळा अडॅप्टर लावलेला असतो. हा अडॅप्टर लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

केबल येते ती घरातल्या दुसऱ्या डब्यात. हा डबा तीन कामं करतो. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला आतला पत्ता वाटून देतो. सगळ्यांची ये-जा एकाच वाटेनं करवतो. आणि वायफाय पसरवतो. काही कनेक्शनमध्ये हे सगळं एकाच खिडकीजवळच्या डब्यात असतं. यालाच गेटवे म्हणतात.

म्हणजे वाट दोन तुकड्यांची आहे. टॉवरपासून गेटवेपर्यंतचा बाहेरचा तुकडा. गेटवेपासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंतचा आतला तुकडा. तुमचा नवा राउटर, मग तो दोन हजारांचा असो नाहीतर वीस हजारांचा, फक्त आतल्या तुकड्यावर काम करतो. बाहेरच्या तुकड्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी कुठल्या तुकड्यात अडलंय ते बघायचं.

दहा मिनिटांची तपासणी

एक लॅपटॉप आणि एक लॅन केबल घ्या. लॅपटॉप थेट गेटवेच्या लॅन पोर्टला लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, आणि स्पीड टेस्ट चालवा. लॅपटॉप नसेल तर फोन घेऊन गेटवेपासून चार-पाच फुटांवर उभे राहा, ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा आणि टेस्ट करा. मग नेहमी जिथं बसता तिथं जाऊन हीच टेस्ट पुन्हा करा. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि रात्री नऊ-साडेनऊला एकदा. फोनचा मोबाइल डेटा तेवढा बंद ठेवा. नाहीतर वायफाय ढिलं पडलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि तुम्ही भलत्याच गोष्टीचा स्पीड मोजून बसता.

ताईंनी हे केलं. गेटवेजवळ तिन्ही वेळी ६० ते ७० एमबीपीएस. त्या बसतात त्या मागच्या खोलीत ३ ते ५. कारण विचारायची गरजच नव्हती. कोकणातलं जुनं घर, जांभ्याच्या जाड भिंती. गेटवे पुढच्या ओटीवर, आणि मधे अशा दोन भिंती. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय तिथं दम तोडतं. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींत हेच होतं, आणि शहरात आरसीसीच्या भिंतीत, आरशाच्या मोठ्या कपाटामागे, पत्र्याच्या पार्टिशनमागेही होतं. ताईंची अडचण पूर्णपणे आतल्या तुकड्यातली.

पिंपरीच्या मुलाचा निकाल उलटा. सकाळी गेटवेजवळ ९०, बेडरूममध्ये ८०. रात्री नऊला गेटवेला केबल लावूनही ७. आता बेडरूममध्ये काय बदलणार? त्या वेळी टॉवरवर गर्दी असते. टॉवरची क्षमता त्या भागातले सगळे जण वाटून घेतात, फोनवालेही आणि एअरफायबरवालेही. त्याला मी स्पष्ट सांगितलं, गेमिंग राउटर घेऊ नको. आधी कंपनीकडे तक्रार कर, रात्रीच्या टेस्टचे स्क्रीनशॉट तारखेसकट पाठव. बाहेरचा डबा दुसऱ्या टॉवरकडे वळवता येतो का ते विचार. आणि सोसायटीत कुणा केबलवाल्याचं फायबर आलंय का तेही बघ. आलं असेल तर वाद घालत बसू नको, ते घे.

तुमच्याही टेस्टमध्ये गेटवेजवळच स्पीड पडत असेल, तर राउटरची जाहिरात बंद करा आणि कस्टमर केअरला फोन लावा.

ताईंनी साडेसहा हजार घातले का?

नाही. त्यांना सांगितलं, कामाचा लॅपटॉप एका जागी असतो ना? मग राउटर नको, केबल घ्या. कॅट-६ ची केबल, भिंतीच्या कडेनं केसिंग पट्टीत घालून. कोकणात उंदीर केबल सोडत नाहीत, म्हणून पट्टी हवीच. इथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते, घरात तेवढी लागत नाही. ज्या कॉलवर पगार अवलंबून आहे तो हवेतून कशाला पाठवायचा? तार ओढता येत असेल तर तार ओढा.

राहिला फोनचा प्रश्न. तर त्यांच्या भावाचा जुना राउटर कपाटात पडून होता. तो केबलच्या दुसऱ्या टोकाला लावला, आणि त्याच राउटरच्या पोर्टमधून लॅपटॉपला तार दिली. म्हणजे खोलीत वायफायही आलं. खर्च केबलचा आणि पट्टीचा.

आता हा दुसरा राउटर जोडायचे दोन रस्ते आहेत. बहुतेकांचा घोळ इथंच होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिला रस्ता: राउटरला नुसतं वायफायचं काम द्या

याला ॲक्सेस पॉइंट मोड म्हणतात. पत्ते वाटायचं काम कंपनीच्या गेटवेकडेच राहतं, तुमचा राउटर फक्त वायफाय पसरवतो. हल्लीच्या बऱ्याच राउटरच्या ॲपमध्ये किंवा सेटिंगमध्ये "ऑपरेशन मोड" असतो, तिथं हा पर्याय निवडायचा. मग गेटवेच्या लॅन पोर्टमधून केबल काढून राउटरच्या वॅन पोर्टला लावायची. झालं.

जुन्या राउटरमध्ये हा मोड नसेल तरी काम होतं. राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून गेटवेच्या मालिकेतला एक मोकळा पत्ता द्या. म्हणजे जिओचा गेटवे १९२.१६८.२९.१ वर असतो, तर राउटरला १९२.१६८.२९.२५० द्या. पण आधी गेटवेच्या सेटिंगमध्ये बघून घ्या की तो हा पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाहीये. मग राउटरमधलं डीएचसीपी बंद करा. डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटणारी यंत्रणा, ती एका घरात एकच हवी. आणि केबल लॅनमधून लॅनमध्ये लावा, वॅन पोर्ट रिकामा सोडा.

या रस्त्याचा मोठा फायदा म्हणजे घरातल्या सगळ्या वस्तू एकाच नेटवर्कवर राहतात. फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकणं, प्रिंटरला कागद पाठवणं, सगळं आधीसारखं. दहापैकी आठ जणांनी हाच रस्ता घ्यावा असं माझं मत आहे.

दुसरा रस्ता: सगळा कारभार स्वतःच्या राउटरकडे

इथं गेटवेचा लॅन पोर्ट तुमच्या राउटरच्या वॅन पोर्टला जातो आणि राउटर आपल्या नेहमीच्या राउटर मोडमध्येच राहतो. घरातल्या सगळ्या वस्तू तुमच्या राउटरकडून पत्ते घेतात. गेटवेला वाटतं की घरात एकच यंत्र आहे.

हा रस्ता कुणासाठी? लहान भावाच्या टॅबलेटचं नेट रात्री दहाला आपोआप बंद करायचंय. जाहिराती घरभर अडवायच्यात. पाहुण्यांचं किंवा भाडेकरूंचं नेटवर्क वेगळं ठेवायचंय. एअरफायबरसोबत दुसरं कनेक्शन बॅकअप म्हणून ठेवायचंय. नाहीतर उद्या कंपनी बदलली तरी घरातल्या पंधरा वस्तूंचा पासवर्ड पुन्हा टाकायचा नाहीये. अशी कारणं असतील तर जरूर करा.

पण इथं दुहेरी नॅटचा प्रकार येतो. नॅट म्हणजे काय? सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आठवा. बाहेरच्या जगाला फक्त सोसायटीचा पत्ता माहीत आहे. तुम्ही काही मागवलं की वॉचमन वहीत लिहितो, "पार्सल, बी-४०२". पार्सल आलं की वही बघून बरोबर तुमच्याकडे पाठवतो. वहीत नोंद नसलेला माणूस आला तर त्याला गेटवरूनच परत पाठवतो. राउटर नेमकं हेच करतो. आता सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन आणि तुमच्या विंगखाली दुसरा वॉचमन असेल, तर दोन वह्या झाल्या. तुम्ही मागवलेलं पार्सल तरीही येतं. यूट्यूब, व्हॉट्सॲप, ऑनलाइन क्लास, कशालाच त्रास होत नाही. त्रास होतो तो बाहेरून आत यायचं असतं तेव्हा: काही ऑनलाइन गेम, घरचा सीसीटीव्ही थेट बाहेरून बघणं, असल्या गोष्टींना.

एक काळजी मात्र घ्यायचीच. दोन्ही डब्यांचा आतला पत्ता एकाच मालिकेतला नको. गेटवेही १९२.१६८.१.१ आणि तुमचा राउटरही १९२.१६८.१.१, असं असेल तर राउटरला कळतच नाही की पॅकेट आत पाठवायचं की बाहेर. काही राउटर हे ओळखून आपोआप बदल करतात, सगळे करत नाहीत. तुमच्या राउटरला १९२.१६८.५०.१ असं काहीतरी वेगळं द्या आणि विसरून जा. टाइप करताना अर्थात इंग्रजी आकडे टाकायचे.

"ब्रिज मोड केला की सगळं सुटतं ना?"

हा प्रश्न इंजिनीअरिंगच्या पोरांकडून हमखास येतो. ब्रिज मोड म्हणजे गेटवेतल्या पहिल्या वॉचमनला सुट्टी द्यायची, आणि बाहेरचा पत्ता थेट तुमच्या राउटरला मिळायचा. सेटिंगमध्ये असेल तर वापरा. पण टॉवरवरच्या इंटरनेटला यातून वाटतं तेवढं हाती लागत नाही, कारण पुढे आणखी एक वॉचमन बसलेला असतो. तो कंपनीच्या आवारात.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, जगात एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. नंतर आलेल्या मोबाइल कंपन्यांनी कोट्यवधी ग्राहकांना स्वतंत्र पत्ता द्यायचा कुठून? म्हणून एकाच पत्त्यामागे खूप ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ मध्ये पत्त्यांचा एक वेगळा पट्टाच राखून ठेवला गेला, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा.

आपल्याकडे हे आहे का, ते तपासणं सोपं. गेटवेच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी बघा. मग गुगलवर "माझा आयपी काय" असं इंग्रजीत शोधा. दोन आकडे वेगळे आले, किंवा गेटवेतला आकडा १०० च्या त्या पट्ट्यातला किंवा १० नं सुरू होणारा निघाला, की समजा तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्डिंग करा, बाहेरचा माणूस कंपनीच्या गेटवरूनच परत जाणार.

साताऱ्याच्या एका श्रोत्याचा प्रश्न इथंच बसतो. त्यांना शेतातल्या घराचा कॅमेरा पुण्यातून बघायचाय. जुन्या डीव्हीआरला पोर्ट उघडून बघायचा बेत होता, तो चालणार नाही. पण कंपनीच्या सर्व्हरमार्फत ॲपवर दिसणारे कॅमेरे चालतात, कारण तिथं कॅमेरा स्वतः आतून बाहेर कॉल लावतो, आणि त्याची वहीत नोंद होते. थोडं तांत्रिक जमत असेल तर टेलस्केलसारखं ॲप घरातल्या एका कॉम्प्युटरवर आणि फोनवर टाका, तेही याच युक्तीनं चालतं.

आयपीव्ही६ हा नवा पत्ता-प्रकार मुबलक आहे आणि त्याला नॅट लागत नाही. भारतातली मोबाइल नेटवर्क्स त्याचा भरपूर वापर करतात. गंमत अशी की दुसऱ्या रस्त्यानं राउटर जोडलात तर बऱ्याचदा आतल्या वस्तूंना आयपीव्ही६ मिळेनासं होतं. मोबाइल कनेक्शनला सहसा पत्त्यांचा एकच गट मिळतो, आणि गेटवे तो पुढे तुमच्या राउटरला वाटून देत नाही. राउटरमध्ये आयपीव्ही६ चा "पासथ्रू" पर्याय असेल तर तो चालू करून बघा. पहिल्या रस्त्यात ही भानगडच नाही. मी त्याची बाजू घेतो ती यासाठीही.

अमेरिकेतल्या श्रोत्यांनीही हेच विचारलंय. तिथं टी-मोबाइलनं घरगुती ५जी इंटरनेट एप्रिल २०२१ मध्ये देशभर आणलं, आणि आपली बरीच मंडळी भाड्याच्या घरात ते घेतात. त्यांचा गेटवे १९२.१६८.१२.१ वर सापडतो, आणि घरगुती ग्राहकांच्या गेटवेत ब्रिज मोड नसतो. तेव्हा तुमच्यासाठीही हेच दोन रस्ते.

गेटवेचं वायफाय बंद करायचं का?

करता आलं तर करा. एका घरात दोन वायफाय एकमेकांवर ओरडत बसतात. पण एक क्रम पाळा. आधी गेटवेच्या वायफायचं नाव बदला. मग तेच जुनं नाव आणि तोच जुना पासवर्ड तुमच्या नव्या राउटरला द्या. घरातले फोन, टीव्ही, स्मार्ट बल्ब सगळे आपोआप नव्या राउटरवर येतील. आजी-आजोबांचे फोन घेऊन बसायची वेळ येणार नाही. दोन दिवस नीट चाललं की गेटवेचं वायफाय बंद करा.

हे दोन दिवस टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवरही लक्ष ठेवा. तो गेटवेच्या वायफायवरच जोडलेला असतो, आणि कंपनीच्या काही सोयी त्यांच्याच नेटवर्कवर असल्या तरच चालतात. गडबड दिसली तर बॉक्सला गेटवेकडून थेट केबल द्या. गेटवेला लॅंडलाइनचा फोन जोडला असेल तर तोही तिथंच राहू द्या.

वायफाय बंद करायचा पर्यायच नसेल तर निदान चॅनल वेगळे करा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. गेटवेला १ दिलात तर राउटरला ६ किंवा ११.

आणि काही जण बाहेरच्या डब्यातलं सिम काढून स्वतःच्या ५जी राउटरमध्ये टाकायच्या विचारात आहेत. नका करू. कनेक्शन त्या यंत्राशी बांधलेलं असतं, आणि कंपनीच्या लक्षात आलं तर कनेक्शन जातं. डबाही कंपनीचा, उघडलात तर त्याचा खर्च तुमच्या डोक्यावर.

कॉल तुटतो, पण स्पीड तर चांगला दिसतो

ही तक्रार थोडी फसवी आहे. ५जीचा जो ३.५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे, त्यात एकाच लहरीवर येणं आणि जाणं दोन्ही चालतं, वेळ वाटून. एकेरी पुलावर गाड्या आळीपाळीनं सोडतात ना, तसं. त्यात जास्त वेळ डाउनलोडला दिलेला असतो. म्हणून अपलोड डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. आता समजा तुम्ही इंटरव्ह्यूला बसलात, आणि त्याच वेळी बहिणीच्या फोननं लग्नाचे चारशे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले. अपलोडची वाट तुंबली, तुमचा आवाज त्या रांगेत अडकला. समोरच्याला तुम्ही रोबोटसारखे ऐकू येता. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड मात्र ८० दिसतो!

इथं चांगला राउटर खरंच उपयोगी पडतो, आणि त्याला दुसरा रस्ताच लागतो. एसक्यूएम नावाची सोय असलेला राउटर रांगेला शिस्त लावतो. फोटोंच्या मोठ्या गठ्ठ्यामागे कॉलची छोटी पाकिटं अडकू देत नाही. ओपनडब्ल्यूआरटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ही सोय टाकता येते. त्यात मर्यादा भरताना तुमच्या सगळ्यात वाईट वेळच्या स्पीडच्या ८०-८५ टक्के भरा. टॉवरचा स्पीड दिवसभर वर-खाली होतो, चांगल्या वेळचा आकडा भरलात तर रात्री काहीच फरक दिसणार नाही. थोडा स्पीड आपण हातानं सोडतो, त्या बदल्यात कॉल सलग चालतो. गेम खेळणाऱ्यांनाही हा सौदा फायद्याचा.

राउटर बदलायचा नसेल तर फुकटचा उपाय आहेच: क्लाउड बॅकअप रात्री दोनला लावा आणि इंटरव्ह्यूआधी घरात एकदा हाक मारा.

ऑफिसचं व्हीपीएन जोडतं पण आतली पानं उघडतच नाहीत, असं होत असेल तर कारण वेगळं. मोबाइल नेटवर्कवर पॅकेटचं माप नेहमीच्या १५०० बाइटपेक्षा लहान असू शकतं, आणि व्हीपीएनचं वेष्टण चढवलं की ते मावत नाही. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये एमटीयू १३०० च्या आसपास करून बघा. ऑफिसच्या आयटीवाल्याला एवढा एक शब्द सांगितला तरी तो समजेल.

विकत घ्यायचाच असेल तर

पोर्ट गिगाबिट आहेत का ते आधी बघा. स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, त्यातून प्रत्यक्षात ९४च्या वर काही येत नाही. वायफाय ६ पुरे, तुमचा प्लॅन १०० चा असताना वायफाय ७ चे पैसे कशाला? ॲक्सेस पॉइंट मोड आहे का विचारा. टेलिफोनची बारीक पिन जाणारा एडीएसएलचा राउटर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आणि मोठ्या घरासाठी एक्स्टेंडरपेक्षा मेश बरा. एकाच लहरीवर ऐकून त्याच लहरीवर पुढे सांगणाऱ्या एक्स्टेंडरचा वेग जवळपास निम्मा होतो. मेशचा दुसरा डबा जिथं सिग्नल मेलाय तिथं ठेवायचा नसतो, त्याच्या अलीकडे, जिथं अजून बरा आहे तिथं ठेवायचा. शक्य असेल तर मेशच्या डब्यांमध्येही केबल टाका.

घरी आणलात की ॲडमिनचा पासवर्ड त्याच दिवशी बदला.

आणि लाइट गेली तर?

हा प्रश्न ताईंनीच शेवटी विचारला. त्यांच्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं नेहमीचं. त्यांनी राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेतलाय, तरी नेट का जातं?

कारण तो यूपीएस फक्त घरातल्या डब्याला आहे. गच्चीवरचा डबा त्या वेगळ्या अडॅप्टरवर चालतो, सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेला तोच. तो बंद पडला की टॉवरशी संबंधच तुटतो, आणि आतलं वायफाय नुसतं चालू दिसतं. स्वतःचा राउटर जोडला की लाइट लागणारी यंत्रं तीन झाली. तिघांनाही बॅकअप हवा. बाहेरच्या डब्याच्या अडॅप्टरचं व्होल्टेज वेगळं असू शकतं, त्यामुळे १२ व्होल्टच्या यूपीएसची पिन तिथं बसते म्हणून लावू नका, आधी अडॅप्टरवर छापलेलं वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. तीन वेगळे यूपीएस घेण्यापेक्षा घरातल्या इन्व्हर्टरचा एक प्लग पॉइंट काढून तिन्ही अडॅप्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावणं सोपं. ताईंनी आता तेच केलंय.

विजा कडाडत असतील तर मात्र बाहेरून येणारी ती केबल आणि अडॅप्टर काढून ठेवा. तेवढ्या वेळासाठी फोनचा हॉटस्पॉट.

तुमच्या तिन्ही वेळच्या टेस्टचे आकडे पाठवायचे असतील तर व्हॉइस नोटमध्ये दोन गोष्टी नक्की सांगा: गेटवेजवळ किती आला, आणि बसता तिथं किती आला. भिंत कसली आहे तेही सांगितलंत तर उत्तम.